स्मृतीचा लोप आणि स्मृतीची घोकंपट्टी : 'द गिव्हर' या कादंबरीचे पांढुर्णा-सौंसरच्या संदर्भात वाचन

प्रास्ताविक

लॉइस लॉरी या अमेरिकन लेखिकेची 'द गिव्हर' ही कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि १९९४ साली तिला बालसाहित्यासाठीचे न्यूबेरी पदक मिळाले. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली ही लहानशी कादंबरी त्यानंतर अनेक देशांत शाळा-महाविद्यालयांतून शिकवली गेली. तितक्याच हिरिरीने ती अभ्यासक्रमातून काढून टाकावी अशी मागणीही अमेरिकेत काही ठिकाणी झाली. २०१४ साली तिच्यावर चित्रपट निघाला. भाषा सोपी, पृष्ठे थोडी आणि आशय मात्र वजनदार, यामुळे ज्या विद्यार्थ्यांची इंग्रजी ही तिसरी किंवा चौथी भाषा आहे त्यांच्यापुढे ठेवण्यास ती सोयीची आहे. मात्र वर्गात तिची एक ठराविक मांडणी केली जाते. नियंत्रित समाज वाईट, व्यक्तिस्वातंत्र्य चांगले. स्मृती हवी, विस्मृती नको. एवढे फळ्यावर लिहून झाले की प्रश्नोत्तरांकडे वळता येते.

ही मांडणी चुकीची नाही, अपुरी आहे. कादंबरीतील कोणता प्रसंग मोठा आणि कोणता लहान, हे पुष्कळदा वाचक कोठे बसून वाचतो यावर ठरते. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली २०२३ सालापर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. त्या वर्षी त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. येथे कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या पवारी, कोणाच्या गोंडी किंवा उर्दू बोलली जाते. बाजारात यांतल्या दोन-तीन भाषा एकाच वाक्यात येतात. कचेरीचा आणि सरकारी कागदाचा कारभार हिंदीत चालतो. येथील विद्यार्थ्याला स्मृतीचा प्रश्न अमूर्त वाटण्याचे कारण नाही. शिवाय पांढुर्ण्यात दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एक जुनी आठवण नदीच्या पात्रात दगडांनी जागवली जाते. लॉरी यांनी स्मृती पुसून चालवलेले नियंत्रण सविस्तर रंगवले आहे. स्मृती घोकत राहूनही तिच्यातील दुःख हरवते, ही दुसरी गोष्ट त्यांच्या कादंबरीत एकाच लहान प्रसंगात येऊन जाते. पांढुर्ण्याचा वाचक त्या प्रसंगावर थांबल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख त्याच प्रसंगाकडे आहे.

कादंबरीतील समाज आणि त्याची भाषा

कादंबरीतील वस्तीत भूक नाही, भांडण नाही, बेकारी नाही. टेकड्या सपाट केलेल्या आहेत, हवामान आवाक्यात आणलेले आहे, रंग नाहीसे केलेले आहेत. मुले अर्ज करून मिळतात. एका कुटुंबाला एक मुलगा आणि एक मुलगी. सकाळी प्रत्येकाने आपले स्वप्न सांगायचे, रात्रीच्या जेवणानंतर दिवसभराच्या भावना सांगायच्या, आणि घरच्यांनी त्यांची नीट समजूत घालायची. बाराव्या वर्षी समारंभपूर्वक प्रत्येकाला काम नेमून दिले जाते. जोनास या मुलाची निवड मात्र वेगळ्याच कामासाठी होते. वस्तीच्या पूर्वजांची सारी स्मृती एका वृद्धाकडे साठवलेली आहे. ती जोनासने स्वीकारायची आहे. वृद्ध त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि आठवणी त्याच्यात उतरतात. आरंभी बर्फ, घसरगाडी, ऊन. पुढे भाजलेली कातडी, मोडलेला पाय, उपासमार आणि युद्ध.

या वस्तीत सामान्य माणसाच्या घरी तीनच पुस्तके असतात. एक शब्दकोश, एक वस्तीतील कचेऱ्या-कारखान्यांची माहिती देणारा ग्रंथ आणि एक नियमांचे पुस्तक. इतर पुस्तके त्या वृद्धाच्या खोलीत आहेत. सर्वंकष सत्तेच्या कथांत पुस्तके जाळली जातात किंवा लपवली जातात, हे वाचकाला परिचित असते. लॉरी यांनी मात्र शब्दकोश घरोघर ठेवला, आणि येथे त्यांची दृष्टी फार बारीक आहे. शब्दकोश हा राखणदार असतो तसा पहारेकरीही असतो. जो शब्द कोशात नाही तो बोलणाराच चुकलेला ठरतो. जोनासचा मित्र आशर तीन वर्षांचा असताना खाऊ मागताना एक अक्षर चुकतो आणि त्याच्या तोंडून 'फटका' या अर्थाचा शब्द निघतो. त्याला छडीचा फटका मिळतो. पुन्हा चुकतो, पुन्हा मिळतो. शेवटी ते मूल काही काळ बोलायचेच बंद होते. वस्तीत ही गोष्ट गमतीची म्हणून सर्वांदेखत सांगितली जाते आणि सगळे हसतात. घरची बोली घेऊन शाळेत आलेल्या आणि पहिल्याच आठवड्यात गप्प झालेल्या मुलाला ज्या अध्यापकाने पाहिले आहे, त्याला या प्रसंगावर टिपण द्यावे लागणार नाही.

पुढे जोनासला एका आठवणीतून कुटुंब, आजी-आजोबा आणि प्रेम यांचा अनुभव येतो. घरी येऊन तो आई-वडिलांना विचारतो, तुमचे माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात. शब्द नेमका वापर, असे समजावतात. त्या शब्दाला आता अर्थ उरलेला नाही, माझा सहवास तुम्हाला आवडतो का असे विचार, असे सुचवतात. रागावत नाहीत, शिक्षा करत नाहीत. येथे भाषाशिक्षकाच्या सौम्य आवाजात एक शब्द मारला जातो. जोनास त्या दिवशी आई-वडिलांशी पहिल्यांदा खोटे बोलतो, हे लेखिकेने मुद्दाम तेथेच ठेवले आहे.

या वस्तीत वृद्धांना, अशक्त बालकांना आणि नियम मोडणाऱ्यांना 'मुक्त' केले जाते. मुक्त करणे म्हणजे सुई टोचून मारणे, हे जोनासला उशिरा कळते. आणि ते काम त्याचे प्रेमळ वडील करीत असतात. अशा गोड शब्दांची मराठी माणसाला सवय आहे. बांगडी फुटली असे कोणी म्हणत नाही, वाढवली म्हणतात. दिवा विझवत नाहीत, मालवतात. दुकानदार रात्री दुकान वाढवतो. निघालेला पाहुणा 'येतो' म्हणतो. तथापि येथे बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही खरा अर्थ ठाऊक असतो. शब्दाने अशुभाला बाजूला सारायचे असते, डोळ्यांआड करायचे नसते. लॉरी यांच्या वस्तीत 'मुक्त' हा शब्द ऐकणाऱ्याला काहीच ठाऊक नसते आणि उच्चारणाऱ्याला काहीच वाटत नसते. शिष्टाचार आणि फसवणूक यांतील हे अंतर विद्यार्थ्यांना मराठीच्या उदाहरणांनी फार लवकर समजते.

भाषांतराचा एक मुद्दा येथेच नोंदवणे आवश्यक आहे. या वस्तीने ज्या तत्त्वासाठी रंग आणि टेकड्या सोडल्या, त्या तत्त्वाला मराठीत 'समानता' म्हणण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. समता, समानता ही भारतीय संविधानाने दिलेली मूल्ये आहेत; दलित, आदिवासी, मुस्लिम, स्त्रिया यांच्या लढ्यातून त्या शब्दांना वजन आलेले आहे. लॉरी ज्याविषयी बोलतात तो एकसारखेपणा आहे. दोन्ही शब्द एकच मानले तर एकसारखेपणाला नकार देणारी ही कादंबरी विद्यार्थ्याच्या मनात समतेविरुद्धची कादंबरी होऊन बसेल, आणि असे वाचन प्रत्यक्षात घडतेही. मराठी म्हणीत सांगायचे तर ही 'पळसाला पाने तीनच' असे मानणाऱ्या नव्हे, तशी सक्ती करणाऱ्या माणसांची वस्ती आहे. पळसाची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

एकाच माणसाच्या माथी

या कादंबरीमागील दोन प्रेरणा लेखिकेने स्वतः सांगितल्या आहेत. लहानपणी युद्धोत्तर टोकियोत अमेरिकन लष्करी कुटुंबांच्या कुंपणबंद वसाहतीत त्या राहत होत्या. आत सर्व अमेरिकन, सर्व ओळखीचे; बाहेर जपान. त्या सायकलवरून गुपचूप बाहेर जात. दुसरी प्रेरणा वडिलांची. वृद्धाश्रमात त्यांची स्मृती हळूहळू गेली आणि आपली एक मुलगी तरुण वयात वारली हेही ते विसरले. ते दुःखी नव्हते. त्यावरून लेखिकेच्या मनात विचार आला की दुःखाची आठवण काढून घेतली तर माणूस सुखी होईल का, आणि ते चांगले होईल का.

दोन्ही प्रेरणा व्यक्तीच्या आहेत, आणि कादंबरीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही तेथून येतात. एका माणसाचे विसरणे लॉरी अचूक लिहितात. समाजाचे विसरणे मात्र त्यांनी एकाच माणसाच्या माथी मारून सोपे केले आहे. सर्वांची स्मृती एका वृद्धाकडे. वस्तीचे ज्येष्ठ त्याच्याकडे सल्ल्याला येतात. जन्मांची संख्या वाढवावी असा प्रस्ताव आला तेव्हा त्याच्या स्मृतीत उपासमार आणि युद्ध होते, म्हणून त्याने नको म्हटले. ज्येष्ठांना सल्ला मिळतो, वेदना मिळत नाही. तज्ज्ञांचा अहवाल मागवून निर्णय घेणाऱ्या कोणत्याही कचेरीला हे चित्र लागू पडेल. पण स्मृती समाजात अशी एका कपाटात राहत नाही.

यातच दुसरी एक विचित्र गोष्ट आहे. वृद्धाने दिलेली आठवण त्याच्यापाशी उरत नाही. घसरगाडी जोनासला दिली की वृद्धाची गेली. स्मृती जणू नाणे आहे, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाणारे. ज्या परंपरांत स्मृती हाच ग्रंथ आहे, तेथे व्यवहार नेमका उलटा असतो. कुरआन मुखोद्गत असलेल्या हाफिजने दहा शिष्य तयार केले म्हणून त्याचे काही कमी होत नाही. वारीत चालणाऱ्याने मागच्याला अभंग दिला म्हणून तो मुका होत नाही. अध्यापनाचाही अनुभव हाच आहे. रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ सालच्या 'फॅरनहाइट ४५१' मध्ये ग्रंथ जाळले जाऊ लागल्यावर माणसे एकेक पुस्तक पाठ करून स्वतःच ग्रंथ होतात. ती कल्पना या दृष्टीने अधिक खरी आहे. लॉरी यांनी कथानकाच्या सोयीसाठी नाण्याचा हिशेब स्वीकारला, कारण जोनास निघून गेल्यावर त्याच्याजवळच्या आठवणी वस्तीवर परत कोसळायला हव्या होत्या. दहा वर्षांपूर्वी असे एकदा घडलेले आहे. रोजमेरी ही मुलगी, जी त्या वृद्धाचीच लेक होती, पाच आठवड्यांच्या शिक्षणानंतर दुःख सहन न होऊन 'मुक्त' होण्यास गेली. तिच्या आठवणी लोकांवर आल्या आणि वस्ती हादरली. तिचे नाव पुन्हा कोणीही उच्चारायचे नाही, असा नियम झाला.

सीमेवरची भाषा

पांढुर्णा-सौंसरची गोष्ट अशी नाट्यमय नाही, आणि तिला तशी करू नये. येथे कोणी कोणाची स्मृती हुकमाने काढून घेतलेली नाही. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही राज्यभाषा होत्या. डिसेंबर १९५३ मध्ये नेमलेल्या फाजल अली आयोगाचा अहवाल १९५५ साली आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना अमलात आली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टाही राहिला. रेषा कोठेतरी काढावीच लागते. रेषेच्या पलीकडे राहणाऱ्यांचा विचार झाला नाही असेही नाही. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ आला आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याची जबाबदारी राज्यांवर आली.

तरीही शब्द सुटत जातात. ते कोणी मारत नाही. त्यांना काम उरत नाही. संत्र्याच्या बागांत मृग बहार आणि आंबिया बहार हे शब्द टिकून आहेत, कारण बागेचा सारा हिशेब त्यांवर चालतो. बाग फुलावी म्हणून काही आठवडे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा असतो. 'ताण' हा शब्द येथील शेतकऱ्याला मानसशास्त्राच्या पुस्तकातून शिकावा लागलेला नाही, आणि ताण नसलेली बाग फुलत नाही हेही नाही. लॉरी यांच्या वस्तीवर वर्गात बोलताना हे उदाहरण हाताशी असावे. उलट पोळ्याला बैलापुढे म्हणायच्या झडत्या ज्याच्या घरी बैलच उरला नाही, त्याला कशाला येतील? ट्रॅक्टरला झूल चढवता येते, झडती म्हणता येत नाही.

पंचांगातही दोन भाषा आहेत. पोळ्याची अमावास्या मराठी पंचांगात श्रावणाची असते. हिंदी पंचांगात तीच भाद्रपदाची असते, कारण तेथे महिना पौर्णिमेला संपतो. एकाच घरातील आजी आणि शाळकरी नातू पोळा कोणत्या महिन्यात येतो यावर वाद घालू शकतात आणि दोघेही बरोबर असतात. दुसऱ्या दिवशी मात्र वाद मिटतो. भाद्रपद शुद्ध प्रतिपदा दोन्ही पंचांगांत एकच. त्याच दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते.

आठवणी रेषेला जुमानत नाहीत याचे एक जुने उदाहरणही या भागापाशीच आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह हा छिंदवाडा जिल्ह्यातील देवगडचा. तो गोंड होता, त्याने इस्लाम स्वीकारलेला होता आणि त्याने वसवलेले शहर आज मराठी समजले जाते. या तिन्ही गोष्टी एका वाक्यात लिहिल्या की ते वाक्य कोणत्याही एका इतिहासाच्या पुस्तकात नीट बसत नाही. घरोघर एकच माहितीग्रंथ ठेवणाऱ्या वस्तीला असली वाक्ये अडचणीची असतात.

गोटमार आणि जोनासचे मैदान

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. मग दोन्ही काठांवरून दगडफेक सुरू होते आणि तिच्यातून वाट काढत झेंडा मिळवायचा असतो. मिळालेला झेंडा चंडीमातेच्या चरणी वाहतात. यामागची जी कथा विशेष सांगितली जाते ती अशी : पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला पळवून आणत होता, दोघे नदीत असताना दोन्हीकडून दगड आले आणि दोघेही मेले. आणखीही कथा आहेत. दरवर्षी शेकड्यांनी माणसे जखमी होतात. जीवही गेलेले आहेत. प्रशासन जमावबंदीचा आदेश काढते, पोलीस आणि रुग्णवाहिका उभ्या करते. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचाही प्रयत्न झाला, तो लोकांनी स्वीकारला नाही.

बाहेरून पाहणाऱ्याने याला रानटीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. उतरणाऱ्यांच्या मनात श्रद्धा असते, गावाची आण असते, बापाने आणि आजोबाने झेललेल्या दगडाचा वण असतो. ते विसरलेले लोक नाहीत. उलट, विसरायचे नाही म्हणूनच ते नदीत उतरतात. त्यामुळेच ही कादंबरी येथे वाचताना नेहमीची मांडणी कोलमडते. 'स्मृती हवी' हे उत्तर पांढुर्ण्यात पुरे पडत नाही, कारण येथे स्मृती आहे, वर्षातून एकदा नेमाने आहे, आणि तिला दगड लागतात.

कादंबरीत युद्धाची आठवण मिळाल्यानंतर जोनास सुटीच्या दिवशी मैदानात जातो. मुले नेहमीचा खेळ खेळत असतात. दोन बाजू, झाडाआड लपणे, हातात काहीतरी धरल्याचा आव, नेम, कोसळणे, हसू. जोनासने त्याआधी रणांगणावर पाणी मागत मरणारा कोवळा मुलगा पाहिलेला आहे. पहिल्यांदाच त्याला कळते की हा खेळ कशाचा आहे. तो मधोमध उभा राहतो, हा खेळ खेळू नका म्हणतो. आशर चिडतो. खेळ हा आता आशरच्या शिक्षणाचा विषय आहे, जोनासचा नाही. जोनासने लुडबूड करू नये. मुले पांगतात, कोणाला काही कळलेले नसते.

समीक्षेत हा प्रसंग जोनासच्या एकटेपणाची खूण म्हणून वाचला जातो. तो त्याहून मोठा आहे. ज्या वस्तीने युद्ध पूर्णपणे पुसले, तिच्यात युद्धाचा खेळ कसा उरला? लॉरी यांनी याचे उत्तर दिलेले नाही, पण प्रश्न मांडण्याइतके त्यांना दिसले आहे. कृती उरते, कारण ती हातापायांत असते. दुःख जाते, कारण ते कोणीतरी सांगावे लागते. मुलांना नेम धरता येतो. पाणी मागणारा मुलगा त्यांच्या खेळात नाही. स्मृतीवर ताबा मिळवायचा तर ती पुसावीच लागते असे नाही. तिच्यातील करायचा भाग पुन्हा पुन्हा करीत राहिले की सोसायचा भाग आपोआप मागे पडतो.

या दृष्टीने गोटमारीच्या कथेकडे पाहिले की एक गोष्ट खटकते. सांगितल्या जाणाऱ्या कथेत त्या दोघांची नावे सहसा येत नाहीत. 'पांढुर्ण्याचा मुलगा', 'सावरगावची मुलगी'. तिला पळवले की ती आपल्या पायांनी निघाली, हेही सांगणाऱ्याच्या काठावर ठरते. रोजमेरीचे नाव नियमाने बंद करावे लागले होते. येथे नियम करावा लागला नाही. दगड, पळस, झेंडा, हद्द, हार-जीत हे सारे दरवर्षी बिनचूक आठवले जाते. ज्यांच्यासाठी हे सारे, त्या दोघांचा शोक मात्र या विधीत कोठे बसवायचा हे सांगता येत नाही. त्याच तिथीला सुमारे शंभर किलोमीटरवरील नागपुरात मुले लाकडी बैल सजवून तान्हा पोळा मिरवतात. एकच दिवस आणि एकच सणावळ. काय आठवायचे याची निवड मात्र वेगळी झालेली आहे, म्हणजे निवड होऊ शकते.

भाषेचा मुद्दाही येथे परत येतो. गोटमार हा शब्द मराठी आहे. गोटा म्हणजे धोंडा. हिंदीत गोटा म्हणजे साडी-ओढणीला लावायची जरीची किनार. ज्याची मराठी सुटली त्या मुलाला 'गोटमार मेला' हे एका जागेचे आणि सुटीचे नाव म्हणून ऐकू येते, त्यातला धोंडा ऐकू येत नाही. हा जोनासच्या वस्तीतील 'मुक्त'सारखा शब्द नव्हे. येथे कोणी काही लपवलेले नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानाशी परिणाम बराचसा तोच होतो. 'द गिव्हर'मधील भाषेचे प्रकरण आणि मैदानाचे प्रकरण वेगवेगळे नसून एकच आहे, हे कादंबरीत न सापडणारे सूत्र येथे सापडते. शब्द अर्थाविना उरला आणि कृती दुःखाविना उरली, तर दोन्ही फार काळ टिकू शकतात.

कादंबरीचा शेवट या प्रश्नापाशी येऊन थांबतो. जोनास गॅब्रिएल या बालकाला घेऊन पळतो. थंडी, उपास, टेकडी, घसरगाडी, दूर दिवे आणि संगीत. तो पोहोचला की मेला, हे संदिग्ध ठेवले आहे आणि परीक्षेत बहुधा त्याच संदिग्धतेवर प्रश्न येतो. खरे अवघड काम मात्र मागे उरलेले आहे. वस्तीवर सगळ्या आठवणी एकदम परतणार आणि त्या लोकांना सावरायला एक थकलेला वृद्ध बसून आहे. ज्या वडिलांनी जुळ्यांतले हलके बाळ सुई टोचून टाकून दिले, त्यांना त्या रात्री काय आठवले? हसत हसत शब्द दुरुस्त करणाऱ्या आईला काय आठवले? आशरला मैदान आठवले का? पुढच्या 'मेसेंजर' (२००४) या भागात ती वस्ती बदलल्याचा ओझरता उल्लेख येतो. 'सन' (२०१२) त्या वस्तीत परत जाते, पण ते दिवस तिथेही उलगडत नाहीत. लेखिकेने चार पुस्तकांत जे लिहिले नाही, ते लिहिणे बहुधा सर्वांत कठीण होते.

पांढुर्णा-सौंसरच्या वर्गात ते अर्धे काम करून पाहता येण्यासारखे आहे. दोन्ही काठांवरच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी आजीला, मावशीला, आत्याला गोटमारीची कथा विचारावी. नदीत उतरणाऱ्या पुरुषांना नव्हे, घरी राहून हळद आणि चिंध्या तयार ठेवणाऱ्या बायकांना. ती ज्या भाषेत सांगतील त्याच भाषेत, मराठी असो, पवारी असो की उर्दू, उतरवून आणावी. सावरगावच्या त्या मुलीला एखाद्या घरात नाव असण्याची शक्यता आहे.